दर भूकंपाला वर येणारं बंदर

१७०७ साली १.८ मीटर. १८५४ साली १.२. १९४६ साली १.१५.

जपानच्या शिकोकू बेटावर, कोची प्रीफेक्चरच्या पूर्व टोकाजवळ मुरोत्सू नावाचं मच्छीमारी बंदर आहे. या तीन वर्षी झालेल्या महाभूकंपांत त्या बंदराखालची जमीन किती वर उचलली गेली, त्याचे हे आकडे. भूकंपशास्त्रात ते प्रसिद्ध आहेत. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा नोकरीत होतो, आणि मनात आलेला पहिला प्रश्न भूकंपाबद्दलचा नव्हता. हे मोजलं कुणी, कशानं, आणि तेव्हा भरती कुठवर आली होती?

माझं सगळं आयुष्य पाण्याखालचा तळ मोजण्यात गेलं. घर बडोद्यात, दांडिया बाजारात. काम खंभातच्या आखातात. भावनगरच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत दहा मीटरहून जास्त फरक पडतो. सकाळी जिथे आमची होडी तरंगत असे तिथे दुपारी चिखलावर बगळे चालत. अशा ठिकाणी ‘इथे सहा मीटर पाणी आहे’ या वाक्याला काही अर्थ नसतो. किती वाजता मोजलं आणि कुठल्या पातळीपासून, हे सांगाल तरच तो आकडा. त्यात नर्मदा, मही, साबरमती वरून गाळ आणून ओततात. दोन हजार वर्षांपूर्वी भडोचला येणाऱ्या ग्रीक जहाजांना वाट दाखवायला राजाच्या चाकरीतले कोळी होड्या घेऊन सामोरे जात, कारण त्यांच्यावाचून जहाज हमखास रुतायचं. दहेज-घोघा फेरी बंद पडली तीही गाळामुळेच.

त्यामुळे तळ वर येतो हे मला नवीन नव्हतं. पण आमचा तळ मातीनं वर येतो, ड्रेजर लावला की खाली जातो. मुरोत्सूत खडकच वर आला होता. निवृत्तीनंतर भाच्याकडे ओसाकाला जायचं ठरलं तेव्हा बायकोला म्हटलं, क्योतोची देवळं तू म्हणशील तेवढी बघू, पण मला एकदा मुरोत्सूला जायचं आहे.

कोची म्हणजे केरळातलं नव्हे. हा जुना तोसा प्रांत. शिकोकूचा जवळजवळ सगळा दक्षिण किनारा त्यात येतो. मधोमध तोसाचा उपसागर आत वळलेला, पूर्वेला मुरोतोचं टोक, पश्चिमेला आशिझुरीचं, दोन्ही पॅसिफिकमध्ये घुसलेली. क्षेत्रफळ सुमारे ७१०० चौरस किलोमीटर, आणि त्यातली ८४ टक्के जमीन जंगलाखाली. जपानमध्ये इतकं जंगल दुसऱ्या कुठल्याच प्रीफेक्चरमध्ये नाही. लोकसंख्या सात लाखांच्या आत, म्हणजे एकट्या बडोदा शहराच्या निम्मीसुद्धा नाही. ओकायामाहून येणारी गाडी आधी सेतो समुद्रावरचा पूल ओलांडते आणि मग शिकोकूच्या डोंगरांत शिरते. बोगदा, दरी, खाली हिरवीगार नदी, परत बोगदा. डोंगर संपले की हवाच बदलते. समोरून कुरोशिओ हा उष्ण प्रवाह वाहतो, त्यामुळे हिवाळा सौम्य आणि पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे. आल्याचं पीक जपानमध्ये सगळ्यात जास्त इथेच येतं.

या डोंगरांमुळे राजधानीच्या लोकांना तोसा म्हणजे जगाचं टोक वाटायचं. लांबची हद्दपारी झालेल्यांना जिथे पाठवत त्या प्रांतांत तोसाचं नाव होतं. कि नो त्सुरायुकी हा कवी तोसाची सुभेदारी आटोपून ९३४ च्या शेवटी क्योतोला परत निघाला. समुद्रमार्गे त्याला ५५ दिवस लागले आणि त्या प्रवासाची त्यानं लिहिलेली रोजनिशी जपानी साहित्यात मोठी मानली जाते. त्या रोजनिशीत मुरोत्सू आहे. वारा पडेना, लाटा शमेनात, म्हणून नाव तिथे दहाएक दिवस अडकून पडते. नकाशा पुढे ठेवून वाचलं की कारण लगेच कळतं. क्योतोकडे जायचं तर मुरोतोच्या टोकाला वळसा घालावा लागतो, आणि खवळलेल्या समुद्रात तो घालता येत नाही. टोकाच्या अलीकडे थांबायला आसरा हवाच. गरज हजार वर्षांपूर्वीपासूनची. नीट बंदर खोदलं गेलं ते मात्र सतराव्या शतकात.

ते काम ज्याच्या डोक्यातून निघालं तो नोनाका केन्झान (१६१५ ते १६६३) मला कोचीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा माणूस वाटतो. तिथे कुणाला हे पटेल असं नाही. कोचीच्या विमानतळाला नाव साकामोतो र्‍योमाचं, कात्सुराहामाच्या किनाऱ्यावर उंच पुतळा र्‍योमाचा, बिस्किटांच्या डब्यावरही र्‍योमाच. त्याच्याकडे नंतर येतो.

१६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर ती जिंकलेल्या तोकुगावा इएयासूनं तोसा प्रांत चोसोकाबे घराण्याकडून काढून घेतला आणि काकेगावाच्या यामाउची काझुतोयोला दिला. हा परका माणूस आपली माणसं घेऊन आला. चोसोकाबेंचे शेतकरी-शिपाई उराडोच्या किल्ल्यात अडून बसले. त्यांतल्या २७३ जणांची डोकी उडवली गेली. पुढे काझुतोयोनं कोचीचा किल्ला बांधायला घेतला. त्याची १७२७ च्या आगीनंतर पुन्हा उभारलेली लाकडी माडी अजून उभी आहे. मी त्या माडीवर चढलो तेव्हा माझ्या डोक्यात आमचंच घराणं होतं. गायकवाडांच्या फौजेमागून कारकुनी करत आमचे पूर्वज गुजरातेत आले, वाड्याजवळ वसले, आणि पिढ्यान्‌पिढ्या गाव वेगळं, दरबार वेगळा असं चाललं. सत्तेबरोबर आलेल्या परक्यांना गावानं आपलं म्हणायला किती काळ लागतो हे बडोद्याच्या मराठी घरांना सांगावं लागत नाही. तोसात वरचे सामुराई म्हणजे यामाउचींबरोबर आलेले, आणि खालचे म्हणजे इथलेच. ही भिंत अडीचशे वर्षं टिकली.

केन्झान यामाउचींच्या बाजूचा, दरबारातला मोठा कारभारी. त्यानं त्या भिंतीला एक दार पाडलं. चोसोकाबेंच्या जुन्या शिपायांच्या वंशजांना सांगितलं, पडीक जमीन लागवडीखाली आणा, मी तुम्हाला ग्रामीण सामुराईचा दर्जा देतो. त्यांना ‘गोशी’ म्हणत. नद्यांवर बंधारे घातले, कालवे काढले, आणि आत वळण नसलेल्या सरळसोट किनाऱ्यावर जमीन खोदून बंदरं काढली. तेई, त्सुरो आणि मुरोत्सू. नैसर्गिक खाडी नाही, नदीचं मुख नाही, उघड्या पॅसिफिकसमोर खडकात खड्डा खोदायचा आणि त्याला समुद्राकडे तोंड ठेवायचं. माझ्या धंद्यातल्या माणसाला यातली छाती कळते. पण या कामांना लागणारे मजूर सक्तीनं आणले होते, लोक कातावले, दरबारातले विरोधक एक झाले. १६६३ मध्ये केन्झानला पायउतार व्हावं लागलं आणि काही महिन्यांत तो गेला.

त्यानंतर जे झालं ते ऐकून बायको बराच वेळ बोलली नाही. केन्झानच्या कुटुंबाला प्रांताच्या पश्चिम टोकाला सुकुमो इथे नजरकैदेत टाकलं, आणि घराण्यातला शेवटचा पुरुष मरेपर्यंत सोडलं नाही. एन ही त्याची मुलगी आत गेली तेव्हा तीन-चार वर्षांची होती, बाहेर आली तेव्हा चाळिशी ओलांडलेली. ना लग्न, ना शेजार. वाचन तेवढं होतं, बाहेरच्या एका पंडिताशी पत्रव्यवहार होता. १७०३ मध्ये सुटल्यावर ती कोचीजवळ आसाकुराला राहिली आणि वैद्यकी करून तिनं पोट भरलं. १७०७ चा भूकंप झाला तेव्हा ती हयात होती. तिच्या वडिलांनी काढलेल्या बंदराचा तळ त्या दिवशी वर आला.

मुरोत्सूचं बंदर मोठं आणि खोल करण्याचं काम केन्झानच्या मृत्यूनंतर, १६७७ ते १६७९ मध्ये, इचिकी गोन्बेई या अधिकाऱ्यानं पुरं केलं. तोंडाशी तीन प्रचंड खडक होते, काही केल्या फुटत नव्हते. गोन्बेईनं समुद्राच्या देवाला नवस केला, खडक फुटू देत, माझा जीव तुला वाहीन. खडक फुटले. बंदर पुरं झाल्यावर त्यानं पोटात शस्त्र खुपसून नवस फेडला, असं तिथे सांगतात. बंदराच्या काठावरच त्याचं छोटं देऊळ आहे. मी तिथे वाकून नमस्कार केला. आमच्याकडेही काम सुरू करताना टंडेल नारळ फोडायचा. समुद्रात हात घालणाऱ्या माणसाला हे परकं वाटत नाही.

आता बंदर. रस्त्याच्या कडेला उभं राहून खाली पाहिलं तर अडालजच्या वावेत, म्हणजे पायऱ्यांच्या खोल विहिरीत, डोकावल्यासारखं वाटतं. चारी बाजूंनी उंच दगडी भिंती, आणि खूप खाली पाणी, त्यावर बोटी. मच्छीमार कठड्यावरून शिडीनं उतरतात. इतकं खोल का, याचं उत्तर त्या तीन आकड्यांत आहे. दर भूकंपाला जमीन वर आली, पाणी उथळ झालं, बोटी टेकू लागल्या. मग लोकांनी तळ आणखी खोदला. काठ उंच होत गेला, पाणी होतं तिथेच राहिलं.

हे का होतं ते थोडक्यात सांगतो. फिलिपिन समुद्राची प्लेट, म्हणजे भूकवचाचा तिथला तुकडा, वर्षाला काही सेंटिमीटरनं समुद्रतळातल्या नानकाई गर्तेतून शिकोकूखाली सरकते. सरकताना वरच्या जमिनीची कड चिकटून खाली ओढली जाते. शंभर-दीडशे वर्षं हे ओढणं चालतं, मग पकड सुटते आणि मुरोतोचं टोक एका झटक्यात वर येतं. पुन्हा ओढणं सुरू. पण वर आलेलं सगळंच्या सगळं परत खाली जात नाही, थोडी शिल्लक राहते. लाखो वर्षांची ती शिल्लक टोकाच्या मागे दिसते: डोंगराला पडलेल्या रुंद, सपाट पायऱ्या, प्रत्येक पायरी कधी काळी समुद्राचा तळ होती. टोकावर खडकांचे थर उभे झालेले आहेत. खोल समुद्रात आडवे साचलेले वाळू-चिखलाचे थर दाबून उभे केलेले. युनेस्कोनं हा सगळा भाग जिओपार्क म्हणून मान्य केला आहे.

१९८० मध्ये दोन जपानी शास्त्रज्ञांनी या आकड्यांतून एक नियम मांडला. १.८ मीटरच्या मोठ्या झटक्यानंतर पुढचा भूकंप यायला १४७ वर्षं लागली, १.२ नंतर ९२. म्हणजे झटका मोठा तर विश्रांती लांब. त्या हिशोबानं १.१५ नंतरची विश्रांती सुमारे ८८ वर्षांची, आणि १९४६ मध्ये ८८ मिळवा. नानकाई भूकंपाच्या शक्यतेचे सरकारी आकडे वर्षानुवर्षं या हिशोबावर उभे होते. अलीकडे जपानी अभ्यासकांनीच मुळावर बोट ठेवलं: जुन्या नोंदी बंदराच्या अधिकाऱ्यांच्या घराण्यातल्या आहेत, बंदर तर सतत खोदलं जात होतं, मग भूकंपानं किती वर आलं आणि कुदळीनं किती खाली गेलं हे वेगळं कसं काढणार? मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण माझी पहिली शंका याच जातीची होती. तिथे उधाणाला भरती-ओहोटीत दीड-दोन मीटरचा फरक पडतो. भरतीची वेळ न लिहिता खोली मोजायची दोरी सोडली तर अख्खा १.२ मीटरचा भूकंप त्या फरकात बुडून जाईल. २०२५ मध्ये सरकारी समितीनं ही अनिश्चितता हिशोबात धरली. पुढच्या ३० वर्षांत महाभूकंपाची शक्यता एका पद्धतीनं ६० ते ९० टक्के किंवा जास्त, आणि या आकड्यांवर न विसंबणाऱ्या दुसऱ्या पद्धतीनं २० ते ५० टक्के, असं आता दोन्ही सांगतात. मला हा प्रामाणिकपणा आवडला. त्या काठावर उभं राहून दोरी सोडणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दलचा माझा आदर त्यानं कमी होत नाही. त्यांना बोटी आत घ्यायच्या होत्या, त्यासाठी त्यांनी मोजलं आणि लिहून ठेवलं.

मुरोतो वर येतं तेव्हा कोची शहर खाली जातं, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं. पकड सुटल्यावर टोकाकडची कड उसळते आणि तिच्या मागची जमीन खचते. ६८४ च्या भूकंपाची नोंद जपानच्या जुन्या इतिवृत्तात आहे: तोसातली बारा चौरस किलोमीटरच्या आसपास शेती समुद्रात गेली. २१ डिसेंबर १९४६ ला पहाटे सव्वाचारनंतर भूकंप झाला तेव्हाही शहराचा सखल भाग खचला आणि पाणी आत येऊन राहिलं. त्या भूकंपात आणि त्सुनामीत सगळ्या भागांत मिळून तेराशेहून जास्त माणसं गेली.

गुजरातेत राहणाऱ्यानं याला दूरची गोष्ट समजू नये. १६ जून १८१९ ला कच्छच्या रणात हेच दोन्ही एकाच दिवशी झालं. सिंद्रीचा किल्ला आणि भोवतालची जमीन खचून पाण्याखाली गेली, आणि तिच्या उत्तरेला ऐंशी-नव्वद किलोमीटर लांबीचा उंचवटा उभा राहिला. लोकांनी त्याला ‘अल्लाह बंध’ म्हटलं. २६ जानेवारी २००१ ची सकाळ तर बडोद्यातल्या प्रत्येकाला आठवते. झेंडावंदनाला गेलेली मुलं घरी येईपर्यंत आमच्या पोळात, म्हणजे गल्लीत, कुणी घरात पाऊल टाकलं नव्हतं.

पश्चिमेकडच्या कुरोशिओ गावासाठी २०१२ मध्ये सरकारनं अंदाज दिला: सगळ्यात वाईट परिस्थितीत त्सुनामीची लाट ३४ मीटर. हा देशातला सगळ्यात मोठा आकडा होता. असा आकडा ऐकून लोक हात टेकतील असं वाटतं, पण तसं झालेलं नाही. कोचीच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी लोखंडी-काँक्रीटचे उंच मनोरे दिसतात, वर चढायला जिने आणि वयस्करांसाठी उतार. सपाट भागात डोंगरापर्यंत पळायला वेळ मिळणार नाही म्हणून ते बांधले आहेत. नाहारीहून मुरोतोला जाणाऱ्या बसमधूनही ते दिसतात. आम्ही एकावर चढलो. बायकोचे गुडघे दुखतात, ती उतारानं आली आणि माझ्या मागोमाग पोचली.

र्‍योमाबद्दल थोडं, कारण त्याच्याशिवाय कोचीचं वर्णन कुणी मान्य करणार नाही. त्याचं घराणं गोशी दर्जाचं, म्हणजे केन्झाननं पाडलेल्या त्याच दारातून आत आलेल्या वर्गातलं. १८३६ चा जन्म. तरुणपणी प्रांत सोडून पळाला, एकमेकांचे वैरी असलेल्या सात्सुमा आणि चोशू या दोन प्रांतांना १८६६ मध्ये एकत्र आणलं, आणि शोगुनशाही संपायच्या त्या दिवसांत, १८६७ मध्ये, क्योतोत त्याचा खून झाला. तिशी नुकतीच उलटली होती. मित्सुबिशीचा संस्थापक इवासाकी यातारो याच प्रांताचा, लोकांना हक्क मिळावेत म्हणून चळवळ उभारणारा इतागाकी ताइसुके इथलाच.

पण मला जवळचा वाटला तो आशिझुरीजवळच्या नाकानोहामाचा मांजिरो. कोळ्याचं पोर. १८४१ मध्ये चौदाव्या वर्षी वादळात सापडून निर्जन बेटावर लागला. देवमाशांची शिकार करणाऱ्या अमेरिकन जहाजानं उचललं. कप्तान व्हिटफील्डनं घरी नेऊन शाळेत घातलं. तिथे तो इंग्रजी शिकला, नौकानयन शिकला, आणि परदेशातून परतणाऱ्याला देहदंडाची भीती असताना १८५१ मध्ये आईसाठी परत आला. मुरोतोतही तेव्हा जाळ्यांनी देवमासे पकडत. बडोद्याच्या कमाटीबागेतल्या आपल्या संग्रहालयात महीच्या मुखाशी आलेल्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे, लहानपणापासून पाहिलेला. त्याखाली उभं राहिलं की अशा जनावरामागे लाकडी होड्या घेऊन जाणाऱ्यांचा अंदाज येतो.

जाणार असाल तर रविवार कोचीत काढा. किल्ल्याच्या दारापासून रस्त्यावर भाजीबाजार भरतो, तीनशेहून अधिक वर्षं चालू असलेला. आलं, युझू नावाची लिंबासारखी फळं, कोयते, रोपं, सगळं विकायला म्हाताऱ्या बायका बसतात. मासे खाणाऱ्यांनी ‘कात्सुओ नो तातकी’ खावा. कुप्याच्या जातीचा मासा भाताच्या पेंढ्याच्या ज्वाळेवर वरवर भाजून, आत कच्चाच ठेवून, लसणाच्या चकत्यांबरोबर देतात. आम्ही सीकेपी, आम्हाला काहीच अडचण आली नाही. शाकाहारी मंडळींना माशाच्या रश्शापासून वाचणं कठीण जातं, थेपले बरोबर असू द्यावेत. दुसऱ्या दिवशी सगळे पश्चिमेला आशिझुरीकडे जातात, तुम्ही पूर्वेची गाडी धरा. गोमेनहून नाहारीपर्यंत रेल्वे आहे, जाताना उजव्या खिडकीशी बसा, समुद्र त्या बाजूला. पुढे बस. वाटेत किरागावा गावात उतरलात तर घरांच्या चुनेगच्ची भिंतींवर एकाखाली एक कौलांच्या छोट्या पागोळ्या बसवलेल्या दिसतील. इथे तुफानात पाऊस आडवा येतो. १९३४ च्या तुफानात मुरोतोला हवेचा दाब ९११.६ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. पागोळ्या भिंतीवरचं पाणी पायरीपायरीनं बाहेर फेकतात.

मुरोत्सूच्या काठावर पंचविसावं तीर्थ आहे, शिकोकूच्या ८८ देवळांच्या यात्रेतलं. पायऱ्या उभ्या आहेत, पण चढाच. वरून बंदराचा आकार पूर्ण दिसतो, आणि भरतीचं वेळापत्रक फोनवर आधी पाहून ओहोटीला गेलात तर भिंतीचे खालचे दगडही मोजता येतात.